७ जूनचे दिनमाहात्म्य

सज्जनहो, आपण वारकरी मंडळी तिथीवर चालणारी. माउलींची समाधी कार्तिक वद्य त्रयोदशीची, तुकोबांची बीज फाल्गुन वद्य द्वितीयेची. इंग्रजी तारीख कोण विचारतो? एका दिवसाच्या पोटात किती मावतं, याचा दाखला हवा असेल तर नाथषष्ठी पाहावी. जनार्दनस्वामींचा जन्म, त्यांना झालेले दत्तदर्शन, नाथांना मिळालेला अनुग्रह, स्वामींचे निर्याण आणि शके १५२१ मधली नाथांची समाधी, ही पाचही पर्वे परंपरेने फाल्गुन वद्य षष्ठीलाच मानली आहेत.

पण कुंडलच्या माणसाला एक दिवस तारखेनंच ध्यानात ठेवावा लागतो. तो म्हणजे ७ जून. त्याच्या पोटात काय काय आहे ते आज पाहू.

सगळ्यात जुनी गोष्ट १४९४ सालची. त्या दिवशी स्पेन आणि पोर्तुगाल यांच्या राजांनी तोर्देसियास गावी तह करून समुद्रावर एक रेघ ओढली. रेघेच्या पश्चिमेचं नवं मुलूख एकाचं, पूर्वेचं दुसऱ्याचं! ज्यांची भूमी वाटून घेतली त्यांना खबरही नव्हती. चार वर्षांनी वास्को द गामा कालिकतला उतरला, १५१० मध्ये गोवा गेला, तो १९६१ साली सुटला. (ही तारीख जुन्या कालगणनेची आहे. १५८२ साली पोप ग्रेगरीने पंचांग सुधारले. त्या हिशेबाने तो दिवस १६ जून ठरेल. तेव्हा तारीखवाल्यांनी आपल्या अधिकमासाला फार हसू नये.)

दुसरी गोष्ट १८९३ ची. तेवीस वर्षांचे बॅरिस्टर मोहनदास गांधी दादा अब्दुल्लांच्या खटल्यासाठी दरबानहून प्रिटोरियाला निघाले होते. तिकीट पहिल्या वर्गाचं, पैसे भरलेले. पीटरमॅरित्झबर्ग स्टेशनात एका गोऱ्या उतारूला हा रंग खपला नाही. मालडब्यात जा म्हणाले, गांधी हलले नाहीत, तेव्हा शिपायाने हात धरून खाली ढकललं आणि गाडी निघून गेली. तिकडे जून म्हणजे ऐन हिवाळा. अंगरखा सामानात, सामान रेल्वेवाल्यांच्या ताब्यात. मागायला गेलं तर पुन्हा अपमान होईल, म्हणून मागितला नाही. रात्रभर कुडकुडत बसले. परत फिरावं की राहून झगडावं, हा विचार त्या थंडीत झाला.

आता आपल्या गावाकडे येऊ. १९४३ सालचा ७ जून. गांधीजी पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये कैदेत, आणि त्याच पुण्याहून मिरजेला जाणारी रेल्वे कऱ्हाड तालुक्यात शेणोलीजवळ अडवली गेली. गाडीत सरकारी नोकरांच्या पगाराची रक्कम होती. अडवणारी तुफान सेना. पुढे कुंडलचे गणपती दादा लाड, म्हणजे जी. डी. बापू, आणि कॅप्टन भाऊ रामचंद्र लाड. दोघंही वीस-एकवीस वर्षांचे! रुळांवर दगड रचून गाडी थांबवली आणि शेवटच्या डब्यामागेही दगड रचले, म्हणजे गाडी मागंही सरकायची नाही. हत्यारं काय, तर कोयते, काठ्या आणि घरगुती बाँब.

हे कुंडललाच का उभं राहिलं? कुंडल तेव्हा औंध संस्थानात होतं. भोवती इंग्रजी मुलूख, मध्ये संस्थानी गावं. पोलिसाला हद्द आडवी यायची. शिवाय बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३९ सालीच ग्रामपंचायतींच्या हाती कारभार दिलेला, तेव्हा गावानं गाव चालवायची गोष्ट इथं नवी नव्हती. क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार १९४३ ते १९४६ या काळात सातारा जिल्ह्यातल्या शेकडो गावांत चाललं. तंटे तोडले, सावकार-दरोडेखोरांना जरब बसवली, थोडक्यात लग्नं लावली. (तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातूनच १९४९ साली दक्षिण सातारा निघाला, त्याचं नाव पुढं सांगली.)

आता अवघड जागा. गाडी अडवून पैसा उचलला, याला काय म्हणावं? पुष्कळ जण सहज ‘शेणोलीची लूट’ म्हणतात. कॅप्टन भाऊंना तो शब्द म्हातारपणीही सोसत नसे. इंग्रजानं आमच्या लोकांकडून नेलेला पैसा आम्ही परत आणला, असं ते सांगत. आलेली रक्कम कुणाच्या घरात गेली नाही, प्रतिसरकारच्या कामाला आणि गोरगरिबाला गेली, हेही ते आवर्जून सांगत. मला वाटतं, त्यांचं म्हणणं निम्मं तरी मान्य करावंच लागेल: १४९४ सालच्या रेघेला आपण ‘तह’ म्हणतो आणि शेणोलीला ‘लूट’, यात तराजू सरळ दिसत नाही. पण उरलेल्या निम्म्यात कोयते आणि बाँब आहेत, आणि आगाखान पॅलेसमधल्या कैद्याला ते रुचले नसते. प्रतिसरकारच्या शिक्षाही सौम्य नव्हत्या. ही टोचणी झाकून ठेवून इतिहास सांगू नये.

जी. डी. बापू १४ नोव्हेंबर २०११ रोजी वारले. कॅप्टन भाऊ त्यांच्यामागे दहा वर्षं राहिले. ५ फेब्रुवारी २०२२ रोजी, शंभरीला चार-पाच महिने उरले असताना गेले. त्याआधी जून २०१७ मध्ये या जुन्या सैनिकांच्या सत्काराला एक पाहुणे दिल्लीच्या वाटेनं नव्हे, आडनावाच्या वाटेनं आले: गोपाळकृष्ण गांधी, मॅरित्झबर्गला गाडीतून उतरवलेल्या त्या बॅरिस्टरचे नातू. गाडी अडवणाऱ्या भाऊंचा मान त्यांनी केला.