बोट दाखवले की भोपळा कुजतो?

वेलीवर नुकत्याच धरलेल्या, सुपारीएवढ्या भोपळ्याकडे बोट दाखवले की घरातले कोणी तरी दटावते, "बोट दाखवू नकोस, कुजेल तो!" ही समजूत फार जुनी आहे. सोळाव्या शतकातील तुलसीदासांच्या 'रामचरितमानसा'त, लक्ष्मण आणि परशुराम यांच्या वादातही तिचा उल्लेख येतो. गंमत अशी की यातला निम्मा भाग अगदी खरा आहे. कितीतरी कोवळे भोपळे पिवळे पडतात, सुकतात किंवा कुजून गळतात. प्रश्न आहे तो बोटाचा.

हा प्रश्न तिसरी-चौथीतली मुलेसुद्धा सोडवू शकतात. त्यांना मदत करणारे तुम्ही हवेत. शाळेच्या कुंपणापाशी लाल भोपळ्याचे तीन-चार वेल लावा. एका वेलावर भागणार नाही. का ते पुढे कळेल.

बिया जूनमध्ये मातीत घालाल तेव्हा चार बिया काचेच्या पेल्यातही लावा. पेल्याच्या आत टीपकागद गुंडाळा आणि काच व कागद यांच्यामध्ये बिया आडव्या ठेवा. तळाशी थोडे पाणी असू द्या. काही दिवसांत मूळ बाहेर येते. मग भिंगातून मुलांना एक जागा दाखवा : मूळ आणि खोड जिथे मिळतात तिथे एक लहानसा खुंटा फुटलेला असतो. हा खुंटा बीच्या टरफलाची खालची कड दाबून धरतो, आणि वर वाढणारे खोड बीजपत्रांना त्यातून ओढून काढते. पायमोजा काढताना आपण एका पायाने दुसऱ्याचे टोक दाबतो ना, तसेच! चार्ल्स डार्विन यांनी १८८० साली वनस्पतींच्या हालचालींवर जे पुस्तक लिहिले, त्यात या खुंट्याचे वर्णन आहे.

दीड-दोन महिन्यांत फुले येऊ लागतात. पहिली फुले बहुधा नुसतीच गळून जातात आणि मुले हिरमुसतात. ती सगळी नरफुले असतात. भोपळ्याच्या एकाच वेलावर नरफुले आणि मादीफुले वेगवेगळी येतात, आणि नरफुले पुष्कळच जास्त असतात. ती ओळखायला फूल फाडावे लागत नाही. पाकळ्यांच्या खाली चिमुकला भोपळा दिसला तर ते मादीफूल. नुसता लांब देठ असला तर नरफूल. म्हणजे भोपळा फूल उमलण्याआधीच तिथे असतो! मग तो मोठा कधी होतो आणि कधी होत नाही? इथे उत्तर सांगून टाकण्याचा मोह शिक्षकांनी आवरावा.

फुले पहाटे उमलतात आणि दुपारपर्यंत मिटतात, तीही कायमची. म्हणून आदल्या संध्याकाळीच तयारी करा. दुसऱ्या दिवशी उमलतील अशा कळ्यांची टोके पिवळी झालेली असतात. अशा मादीकळ्या आणि काही नरकळ्या यांची तोंडे दोऱ्याने हलकेच बांधा. सकाळी आठच्या आत एक नरफूल तोडा, त्याच्या पाकळ्या काढा आणि मधल्या दांड्यावरची पिवळी पूड, म्हणजे पराग, मादीफुलाच्या मधोमध असलेल्या फुगीर कुक्षीवर सगळीकडून लावा. फूल पुन्हा बांधून टाका.

आता तीन गट करा. पांढऱ्या दोऱ्याच्या फुलांना पराग लावायचे नाहीत आणि बोटही दाखवायचे नाही. हिरव्या दोऱ्याच्या फुलांना पराग लावायचे, बोट नाही. लाल दोऱ्याच्या फुलांना पराग लावायचे, आणि रोज वर्गातल्या सगळ्यांनी हवे तितके बोट दाखवायचे. मात्र फळाला स्पर्श करायचा नाही. पांढऱ्या आणि हिरव्या गटावर पहारा ठेवायचे काम, बोटाने भोपळा कुजतो असे ज्यांना ठामपणे वाटते, त्याच मुलांना द्या. ती ते मनापासून करतात.

आठवड्याभरात निकाल दिसू लागतो. पांढऱ्या दोऱ्याची फळे पिवळी पडून सुरकुततात. हिरवी आणि लाल बहुतेक फुगू लागतात. बहुतेक, सगळी नव्हेत. वेलावर आधीच दोन-तीन भोपळे पोसले जात असतील तर वेल नवे फळ टाकून देतो. कधी फळमाशी कोवळ्या सालीत अंडी घालते आणि फळ आतून सडते. म्हणूनच प्रत्येक गटात एकच फूल घेऊन चालत नाही. निदान पाच-सहा तरी हवीत. एका लाल दोऱ्याचे फळ कुजले तर 'आजी म्हणाली तेच खरे' असे कोणी तरी म्हणेलच. तेव्हा त्याला तिन्ही गटांची मोजणी फळ्यावर लिहायला सांगा.

बाहेरच्या, न बांधलेल्या फुलांना पराग कोण लावते? भोपळ्याचे पराग जड आणि चिकट असतात, वाऱ्याने उडत नाहीत. ते काम मधमाश्यांचे. झडीच्या पावसात माश्या बाहेर पडत नाहीत, पराग भिजून वाया जातात, आणि नेमके त्याच दिवसांत कोवळे भोपळे अधिक गळतात.

दसऱ्याच्या सुमारास पहिला भोपळा चिरायला मिळेल. चिरण्यापूर्वी आत बिया किती असतील याचा अंदाज प्रत्येकाला वहीत लिहायला लावा आणि मग खरोखरच मोजा. प्रत्येक भरलेल्या बीसाठी परागाचा एक कण खर्ची पडलेला आहे. बाजूला पोचट बियाही निघतील, त्या वेगळ्या मोजायला विसरू नका.