समुद्राचे पाणी गोडे कसे होते?

हैदराबादेत बसून आम्ही समुद्राच्या पाण्याविषयी लिहितो याचे नवल वाटेल. पण ज्यांच्या बोअरला मचूळ पाणी लागले आहे, त्यांना ही गोष्ट परकी वाटू नये.

लक्षद्वीपच्या कवरत्ती बेटावर नदी नाही. पावसाचे पाणी वाळूत मुरते व खालच्या खाऱ्या पाण्यावर पातळ थर होऊन राहते. उपसा जास्त झाला की खारे पाणी वर येते. म्हणून २००५ साली राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने तेथे दिवसाला १ लाख लिटर गोडे पाणी देणारा प्रकल्प उभारला. समुद्राचे वरचे कोमट पाणी हवा काढलेल्या टाकीत सोडतात. दाब कमी असल्याने चुलीवर न ठेवताच त्यातल्या थोड्या पाण्याची वाफ होते, मीठ मागे राहते. सुमारे ३५० मीटर खोलीवरचे थंड पाणी नळ्यांतून फिरवून त्या वाफेचे पुन्हा पाणी करतात. इंधन वाचते, पंपांना वीज मात्र लागतेच.

आपल्याकडे नलगोंडा भागात फ्लोराइडने दात पिवळे पडले, हाडे वाकली. तेथे आर.ओ. यंत्र उपयोगी पडते. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. हे माताभगिनींनी विशेष ध्यानात ठेवावे. यंत्रातून बाहेर टाकलेल्या पाण्यात क्षार अधिक असतात. ते भाजीच्या वाफ्यात सोडू नका, जमीन खारावते. फरशी धुवायला वापरा. आणि यंत्र घेण्याआधी पाणी तपासून घ्या.