पांढरे ठिपके: आजार की हंगाम?

प्रश्न: नव्या गोल्डफिशवर पांढरे ठिपके दिसताहेत. आजार असेल का?

उत्तर: ठिपके नेमके कुठे आहेत? फक्त कल्ल्यांच्या झाकणांवर आणि छातीच्या परांच्या पुढच्या कडेला असतील, तर तो बहुधा विणीच्या हंगामातला नर आहे. उगाच औषध ओतू नका. अंगभर, शेपटीवरही रवा भुरभुरल्यासारखे दिसत असतील आणि मासा खड्यांवर अंग घासत असेल, तर मात्र हा ‘इच’ परजीवी. तो कातडीत असताना औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही. पाण्यात मोकळा पोहतो तेव्हाच मरतो. म्हणून ठिपके गेले तरी पाकिटावर लिहिलेले दिवस पुरे करा. एकच मासा बाजूला काढून भागत नाही (दुकानदार काहीही सांगो), उपचार सगळ्या टाकीला हवा. तेवढे दिवस फिल्टरमधला कार्बन काढून ठेवा, तो औषध शोषून घेतो.