हातभर बांध

बांध आपणां सर्वांच्या ओळखीचा आहे. तो पाणी अडवतो, माती धरून ठेवतो, गुरांना गवत देतो. दोन शेतांची हद्दही तोच सांगतो. असा हा उपयोगी बांध कधी कधी माणसाचा जीव घेतो. तो कसा, हे या धड्यात आपण पाहू.

समजा, दोन शेतकरी आहेत. दोघे एकाच भावकीतले. वरच्या शेताचा धनी काका, खालच्या शेताचा धनी पुतण्या. नांगरताना काकाचा नांगर बांधाला चाटून जातो. पहिल्या वर्षी चार बोटे, दुसऱ्या वर्षी वीतभर, तिसऱ्या वर्षी हातभर.

पुतण्या म्हणतो, "काका, तुम्ही बांध कोरलात."

काका म्हणतो, "तुझ्या बापानं कधी तोंड उघडलं नाही. तू कोण मला विचारणार?"

येथे बापाचे नाव निघाले. आता वाद बांधाचा राहिला नाही, मानाचा झाला. बोलणे बंद होते. लग्नाची अक्षत जात नाही. पुतण्या बांधावरची बाभळ तोडतो. काका पाटाचे पाणी अडवतो. पारावरचे लोक आगीत तेल ओततात. "तुझ्या जागी मी असतो, तर दाखवलं असतं!" असे सांगणारा घरी जाऊन सुखाने जेवतो.

पेरणीच्या दिवशी दोघे समोरासमोर येतात. हातात कुऱ्हाड, फावडे असतेच, कारण ती कामाची अवजारे आहेत. एक घाव बसतो. एक जण स्मशानात जातो, दुसरा तुरुंगात. दोन्ही घरांची पेरणी राहते.

हे काका-पुतणे आम्ही समजुतीसाठी घेतले. पण बांधावरून खून झाल्याची बातमी ज्याच्या कानी आली नाही, असा माणूस खेड्यात विरळा.

आता हिशेब करू. बांधाची लांबी २०० फूट. कोरला हातभर, म्हणजे दीड फूट. जमीन गेली ३०० चौरस फूट. एक गुंठा १०८९ चौरस फुटांचा. म्हणजे पाव गुंठ्याहून थोडी जास्त. एवढ्या पट्टीत ज्वारी किती होईल, ते तुम्ही आमच्याहून चांगले सांगाल.

कायदा काय म्हणतो? १ जुलै २०२४ पासून १८६० च्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम १०३ प्रमाणे खुनाला फाशी किंवा जन्मठेप, शिवाय दंड. पाच किंवा अधिक माणसे एका मताने मारायला गेली आणि एकाच्या हातून खून झाला, तर बाकीच्यांवरही तोच दोष येतो. म्हणून मुलाला, भावाला सोबत नेणारा त्यांनाही तुरुंगाच्या दारात नेतो.

मग बांध कोरला तर गप्प बसावे काय? मुळीच नाही. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करावा. फी भरावी. शेजाऱ्याला नोटीस जाते. भूकरमापक दोघांसमक्ष मोजतो, हद्दीच्या खुणा दाखवतो. मोजणी पटली नाही, तर वरच्या अधिकाऱ्याकडे दाद मागता येते. पाणी किंवा वाट अडवली, तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याप्रमाणे सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे जावे.

गावातही मार्ग आहे. सरकारने १५ ऑगस्ट २००७ रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली, ती गावचे तंटे गावातच मिटावेत म्हणून. वाद कोर्टात गेला असला, तरी लोकअदालतीत तडजोड होते. तिथल्या निवाड्यावर अपील नाही, आणि कोर्टात भरलेली फी परत मिळते. पण ध्यानात ठेवा, बांधाचा वाद लोकअदालतीत मिटतो, खुनाचा खटला तिथे मिटत नाही.

मोजणीला वेळ लागतो, हे खरे. पण कोरलेला बांध पुन्हा घालता येतो. गेलेला माणूस परत येत नाही. म्हणून राग आला, की आधी हातातले अवजार खाली ठेवावे, आणि मग बोलावे.

प्रश्न
१. वाद बांधाचा न राहता मानाचा केव्हा झाला?
२. पारावरच्या लोकांनी काय सांगायला हवे होते?
३. तुमच्या शेताची मोजणी कोणत्या साली झाली, ते घरी विचारून लिहा.