अक्षर, वर्ण आणि बाईट : एका चुकलेल्या मोजणीची तपासणी

मोठ्या अभंगाच्या पहिल्या तीन चरणांत प्रत्येकी 6 आणि चौथ्यात 4, अशी 22 अक्षरे असतात, हे आपण वर्गात शिकवतो. हा नियम प्रत्यक्षात किती पाळला जातो, हे पाहण्यासाठी मी सी भाषेत एक छोटा प्रोग्राम लिहिला. फाइलीतून एकेक अक्षर उचलायचे आणि मोजायचे. उत्तर नियमाच्या कितीतरी पट आले. तो आकडा लेखात जाण्यापूर्वी प्रोग्राम तपासला, हे बरे झाले.

तपासणीसाठी फाइलीत आमच्या वस्तीचे नाव, ‘तारनाका’, एवढाच शब्द ठेवला. अक्षरे 4, प्रोग्रामने मोजली 21. वाचलेला प्रत्येक घटक आकड्यात छापला, तेव्हा ‘त’साठी -32, -92, -92 असे तीन ऋण आकडे दिसले. सी भाषा ज्याला ‘कॅरेक्टर’ म्हणते, तो एक बाईट असतो; आपले अक्षर नव्हे. युनिकोडच्या यूटीएफ-8 पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक वर्ण वा चिन्ह 3 बाईट घेते. ‘तारनाका’त व्यंजने 4, काने 3, एकूण 7, म्हणून बाईट 21.

ऋण आकड्यांनी दुसरी चूकही दाखवली. एफगेटसी हे फंक्शन पूर्णांक परत देते; मी तो कॅरेक्टर प्रकारच्या चलात ठेवला होता. त्यामुळे 224 चे -32 झाले. फाइलीचा शेवट सांगणारा ईओएफ बहुधा -1 असतो, आणि 255 हा बाईटही असाच -1 होतो. यूटीएफ-8 मध्ये 255 कधीच येत नाही, म्हणून चूक लपून राहते. जुन्या फॉन्टमधील फाइलीत तो आला, तर वाचन मध्येच थांबते. ज्या संगणकांवर कॅरेक्टर ऋण होत नाही, तेथे शेवट सापडतच नाही. उपाय एकच : चल ‘इंट’ प्रकारचा घ्यावा.

मोजणीचा उपाय मात्र व्याकरणातच होता. पहिला बाईट 224 असेल, तर पुढचे दोन जोडून वर्ण ओळखावा. स्वतंत्र स्वर व व्यंजने मोजावीत, त्यांतून हलन्तचिन्हे वजा करावीत. काना, मात्रा, अनुस्वार मोजू नयेत. ‘क्षमा’त व्यंजने 3, हलन्त 1, अक्षरे 2. ‘भगवन्’मध्ये व्यंजने 4, हलन्त 1, अक्षरे 3. ‘दर्‍या’तील अर्ध्या ‘र’साठी येणारे अदृश्य जोडचिन्ह 226 ने सुरू होते, तेही सोडावे.

आता एखादा चरण जुळला नाही, तर पाठभेद, लेखनिकाची चूक की गायनातील उच्चार, असा प्रश्न विचारता येतो. त्याआधी बोटांवर मोजता येईल असा एक शब्द प्रोग्रामला जरूर द्यावा.