निवृत्तीनंतरची तालीम



नोकरीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आमच्या परिचयाचे आहेत. निरोपसमारंभाला महिना होतो न होतो तोच त्यांनी जवळच्या व्यायामशाळेत, म्हणजे आजच्या भाषेत जिममध्ये, नाव नोंदवले. रोज सकाळी दोन तास तेथे, मग स्नान, न्याहारी आणि थकव्यामुळे दुपारपर्यंत झोप. बाजारहाट, बँक, नातवाला शाळेतून आणणे ही कामे पूर्वीप्रमाणेच पत्नीकडे राहिली. एके दिवशी ती म्हणाली, "अहो, तुम्ही निवृत्त झालात खरे, पण घरी अजून आलाच नाहीत." पुढे त्यांचा खांदा दुखावला, आणि दोन तास जमत नाहीत म्हणून त्यांनी व्यायामच सोडून दिला.

ही दोन टोके टाळून मधली वाट कशी धरावी, याचा विचार या पाठात करू या.

१. व्यायाम कशासाठी?

वयोमानाने स्नायू झिजतात व दुर्बळ होतात. या अवस्थेला १९८९ साली आयर्विन रोझेनबर्ग या अमेरिकन शास्त्रज्ञाने 'सार्कोपेनिया' हे नाव सुचवले. यातील 'सार्क्स' हा ग्रीक शब्द नव्या कराराच्या भाषांतरकाराला पदोपदी भेटतो. त्याचा मूळ अर्थ मांस. 'पेनिया' म्हणजे दारिद्र्य. हे मांसाचे दारिद्र्य प्रथम आरशात नव्हे, तर खुर्चीतून उठताना, जिना चढताना आणि ठेच लागल्यावर तोल सावरताना जाणवते.

पण ही झीज काही अंशी भरून काढता येते. १९९० साली बोस्टन येथील संशोधकांनी नव्वदीच्या आसपासच्या दहा अशक्त वृद्धांना आठ आठवडे पायांचे वजनी व्यायाम दिले. नऊ जणांनी ते पूर्ण केले, आणि त्यांच्या पायांची ताकद सरासरी दुपटीहून अधिक वाढली. मग साठीच्या माणसाने "आता उशीर झाला" असे का म्हणावे?

२. किती पुरे?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी पुढील प्रमाण सांगितले: आठवड्यातून किमान १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम, उदाहरणार्थ भरभर चालणे, किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम, आणि तीन किंवा अधिक दिवस तोल व ताकद वाढवणाऱ्या विविध हालचाली. चालताना बोलता यावे पण गाता येऊ नये, ही मध्यम श्रमाची सोपी खूण.

आता हिशेब पाहा. आठवड्याचे तास १६८. त्यांतील १५० मिनिटे म्हणजे अवघे अडीच तास. त्यासाठी प्रत्येक सकाळ खर्ची घालण्याचे कारण नाही.

३. दिनक्रमात त्याचे स्थान

नोकरीत असताना घड्याळ दुसऱ्याच्या हाती असते. निवृत्तीनंतर ते आपल्या हाती येते. मात्र घरातील इतरांचे घड्याळ थांबलेले नसते. म्हणून व्यायामाची वेळ एकट्याने ठरवू नये. जिमसाठी दोन ठरावीक वार, मध्ये विश्रांतीचे दिवस, आणि उरलेल्या दिवशी बाजाराची पिशवी घेऊन पायी जाणे अशी सांगड घालता येते. पाहुणे आले, कोणी आजारी पडले, तर वार बदलावा; व्यायाम सोडू नये.

आपला 'तालीम' हा शब्द मूळचा अरबी. त्याचा अर्थ शिक्षण. कोल्हापूरच्या तालमींनी कुस्तीबरोबर सण-उत्सव आणि फुटबॉलचे संघही जोपासले. तालीम ही लोकजीवनापासून वेगळी कधी नव्हतीच. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (४:८) शरीराच्या व्यायामासाठी 'गुम्नासिया' हा शब्द आला आहे; 'जिम' त्याच कुळातला. तेथे व्यायामाला त्याच्या मर्यादेत ठेवले आहे; निरुपयोगी ठरवलेले नाही.

४. सावधगिरी

हृदयविकार, रक्तदाब किंवा मधुमेह असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. वजन हळूहळू वाढवावे. श्वास रोखून वजन उचलल्यास रक्तदाब एकदम चढतो. म्हणून उचलताना श्वास सोडावा. छातीत दुखले किंवा भोवळ आली तर तत्काळ थांबावे आणि डॉक्टरांना दाखवावे. शेजारच्या तरुणाशी स्पर्धा करू नये.

ते गृहस्थ खांदा बरा झाल्यावर पुन्हा जिमला जाऊ लागले. आता सोमवारी व गुरुवारी, पाऊण तास. इतर दिवशी नातवाला शाळेतून तेच आणतात, आणि बाजाराला दोघे मिळून जातात. जड पिशवी त्यांच्या हातात असते. प्रस्तुत लेखकाचे आयुष्य मेजाशी बसून गेले. निवृत्तीही आता फार दूर नाही. त्या पिशवीकडे पाहून त्याने आपले दोन वार आताच ठरवून टाकले आहेत.

चर्चेसाठी प्रश्न

१. माझ्या व्यायामाच्या वेळी घरातील कोणते काम कोणावर पडते?
२. हाताचा आधार न घेता मी खुर्चीतून उठू शकतो काय?
३. मिळवलेली ताकद मी कोणाच्या उपयोगी आणतो?