तीन बहिणी, चार सासरची आडनावं

माझ्या विहीणबाई मूळच्या मॅसॅच्युसेट्सच्या. आपण सेलमच्या रिबेका नर्सचे वंशज, असं त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत. रिबेका नर्स म्हणजे १६९२ साली चेटकीण ठरवून फासावर चढवलेली सत्तरी ओलांडलेली आजी. माझी सगळी नोकरी भूमी अभिलेख खात्यात वारसनोंदी आणि फेरफार तपासण्यात गेली. निवृत्तीनंतर मुलाकडे बॉस्टनजवळ राहायला आलो, तेव्हा हा वंश कागदोपत्री तपासायचं काम आपसूकच माझ्या गळ्यात पडलं. त्यात जे उमगलं ते असं.

१. मूळ पुरुषापासून, इथे मूळ बाईपासून, खाली उतरू नका. रिबेकाला आठ मुलं. वरून निघालात की त्या आठांतली कुठलीतरी फांदी आपल्या अंगणात येतेच, कारण ती यावी अशी आपली इच्छा असते. आजच्या माणसापासून निघा आणि एकेक पिढी कागद हातात घेऊन मागे सरका. १८५० पर्यंत हे बरं चालतं. त्याआधीच्या शिरगणतीत नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं. बायको म्हणजे रकान्यातला एक आकडा.

२. बाईला तिच्या नावावर शोधू नका, जमीन हलते तिथे शोधा. तेव्हाच्या इंग्रजी कायद्याने लग्न झालं की बाईचं कायदेशीर अस्तित्व नवऱ्यात विरघळायचं. तिचं स्वतःचं खरेदीखत किंवा मृत्युपत्र मिळणं दुर्मीळ. पण नवरा वारला तर त्याच्या जमिनीच्या एक तृतीयांशावर तिचा हयातभर हक्क असे. म्हणून शहाणा खरेदीदार व्यवहाराच्या वेळीच तिची सही नाहीतर खूण घेऊन तो हक्क सोडवून घ्यायचा. बायकोचं नाव हमखास सापडतं ते इथे.

रिबेकाचं माहेर टाऊन. विल्यम टाऊन आणि जोआना ब्लेसिंग यांचं लग्न १६२० साली इंग्लंडमधल्या ग्रेट यार्मथला झालं. पुढे कुटुंब मॅसॅच्युसेट्सला आलं आणि टॉप्सफील्डला स्थिरावलं. विल्यम गेला, मागून जोआना गेली आणि १६८२ च्या सुमारास वाटणीचा कागद झाला. जमीन मुलांना, घरातली चीजवस्तू मुलींना. (आपल्याकडची बहिणींची हक्कसोडपत्रं मी आयुष्यभर वाचली, त्यामुळे धक्का वगैरे काही बसला नाही.) पण वंशावळ काढणाऱ्याला हा कागद म्हणजे लॉटरी. त्यात तिघी लेकी सासरच्या आडनावांनी एका ओळीत उभ्या आहेत: रिबेका नर्स, मेरी ईस्टी, सारा ब्रिजेस. दहा वर्षांनी सेलमच्या खटल्यात हीच सारा क्लॉइस म्हणून येते, कारण पहिल्या नवऱ्यामागे तिने दुसरं लग्न केलं होतं. निव्वळ आडनावांवर विसंबलो असतो, तर या तिघी एका आईच्या पोटच्या आहेत हे कधी जुळलंच नसतं.

३. स्पेलिंगवर भांडू नका. ईस्टी तीन-चार तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं. कारकुनाने ऐकलं तसं टाकलं.

४. तारखेखालचं साल दोनदा वाचा. १७५२ पर्यंत इंग्लंडचं आणि वसाहतींचं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीच्या नोंदींत १६९१/९२ असं जोडसाल दिसतं. ते समजलं नाही, तर लग्नाआधी मूल जन्मतं आणि मेलेली माणसं जमीन विकतात.

५. नात्यातल्यांइतकेच शेजारी वाचा. रिबेकाच्या बाजूने ३९ जणांनी अर्जावर सह्या केल्या. त्यात पटनम आडनावाची माणसंही आहेत, म्हणजे जे तिच्यावर आळ घेण्यात पुढे होतं त्याच घराण्यातली. ज्युरीने तिला आधी निर्दोष ठरवलं, मग निकाल फिरवला आणि १९ जुलैला फाशी झाली. मेरीला २२ सप्टेंबरला. सारा तेवढी वाचली. जबान्यांत यांची आईही तसलीच होती, अशी कुजबुज नोंदवलेली आहे. आज ज्या नात्यासाठी लोक पैसे मोजून संशोधक लावतात, तेच नातं तेव्हा पुरावा म्हणून कोर्टात आलं होतं. पुढे १७११ मध्ये सरकारने भरपाई दिली, तिचे कागद वारसांसाठी जरूर पाहावेत. जिथे पैसा तिथे वारस, हा नियम सगळ्या मुलखांत सारखाच.

६. छापील, सोनेरी कडांच्या वंशावळीला भुलू नका. गुस्ताव आंजू नावाच्या गृहस्थाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला श्रीमंत अमेरिकनांना बनावट वंशावळी करून विकल्या. खऱ्या नोंदींत दोन-चार खोट्या मिसळायच्या, ही त्याची हातोटी. त्या अजूनही एकीतून दुसरीत उतरवल्या जातात.

७. जागा रिकामी ठेवायला शिका. विहीणबाईंच्या साखळीत अठराव्या शतकातली एक हॅना आहे. मुलांच्या जन्मनोंदींत आई म्हणून ती येते, माहेरचं आडनाव एकदाही नाही. इंटरनेटवर काहींनी तिला बिनदिक्कत नर्स करून टाकलंय. विहीणबाईंच्या थोरल्या बहिणीचंही तेच म्हणणं: हॅनाने लेकीचं नाव रिबेका ठेवलं, आणखी काय हवं? पण त्या काळी रिबेका नावाच्या मुलींना तोटा नव्हता. तक्त्यावर मी तिथे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह टाकलंय, त्यावरून त्या बाई माझ्यावर जरा नाराजच आहेत.

तूर्त हॅनाच्या नवऱ्याच्या खरेदीखतातली चतुःसीमा धरून चाललोय. जावयाची जमीन पुष्कळदा सासऱ्याच्या बांधाला लागून असते. उत्तरेचा आणि पश्चिमेचा शेजारी तपासून झाला, त्यांना हॅना नावाची लेक नव्हती. आता पूर्वेचा घ्यायचाय.